परदेशी मुलाकडे जाताना : औषधांची पिशवी आणि विम्याचा फॉर्म

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमाजवळ, काशिने नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. या उद्यानाच्या शेवटी एक छत्री उभी आहे आणि छत्रीखाली भरजरी पोशाखातील एका तरुण राजाचा अर्धपुतळा. तेथील लोक त्याला नुसतेच ‘इंडियानो’ म्हणतात. शेजारच्या पुलालाही तेच नाव पडले आहे. हा ‘इंडियानो’ म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८६६ साली गादीवर आलेले महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले, तेथे राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोजच्या रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहीत राहिले आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात निवर्तले. वय अवघे वीस वर्षांचे. दहनसंस्काराची प्रथाच नसलेल्या त्या देशात विशेष परवानगी काढून संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार करण्यात आले. १८७४ मध्ये तेथे स्मारक झाले. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापुरातील नवा राजवाडा, टाऊन हॉल आणि आज सीपीआर म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या रुग्णालयाची मूळ वास्तू यांचे आराखडेही याच मँट यांनी केले.

महाराजांसमवेत कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी होता, स्वतःची माणसे होती, पैशाची वाण नव्हती. तरीही परक्या गावातील आजारपण हे परक्या गावातीलच राहिले. आज कोल्हापूरच्या गुजरीतून, लक्ष्मीपुरीतून, शाहूपुरीतून, जयसिंगपूर-इचलकरंजीच्या पेढ्यांमधून दरवर्षी किती आई-वडील मुलाकडे किंवा लेकीकडे सहा-सहा महिन्यांसाठी जातात! कोणी न्यू जर्सीला, कोणी लंडनला, कोणी म्युनिकला, कोणी दुबईला. वय साठ ते पंचाहत्तर, दोघांपैकी एकाला मधुमेह, एकाला रक्तदाब. बरोबर लवाजमा नसतो. असतात त्या दोन बॅगा आणि डिंकाचे लाडू. प्रवासाची तयारी महिनाभर चालते. आजारपणाची तयारी मात्र विमानतळावर जाण्याच्या आदल्या रात्री औषधाच्या दुकानातून चार पट्ट्या आणण्यापुरती होते.

याचे कारण आपल्या गावाच्या सवयीत आहे. कोल्हापुरात सकाळी छातीत जळजळले तर ओळखीच्या डॉक्टरांना फोन जातो. दुपारपर्यंत ईसीजी निघतो, संध्याकाळी राजारामपुरीतील तज्ज्ञ बघतात आणि फारच मोठे काही असले तर गाडी मिरजेला किंवा बेळगावला निघते. मिरजेला रुग्ण नेण्याची वाट तर डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू केल्यापासूनची आहे. औषध दुकानदाराला गोळीचा रंग सांगितला तरी तो पट्टी काढून देतो, पैसे उद्या चालतात. तज्ज्ञाकडे जायला चिठ्ठी लागत नाही, वेळ ठरवावी लागत नाही. लागते ती ओळख. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे, परंतु तिच्यात वाढलेल्या माणसाला दुसरी कोणती व्यवस्था असू शकते याची कल्पनाच येत नाही. परदेशात ओळख चालत नाही. तेथे कोणत्या दुखण्यासाठी कोणते दार, हे ठरलेले असते आणि चुकीच्या दाराशी गेलेल्या माणसाला एक तर तासन्‌तास बसावे लागते किंवा भलते बिल भरावे लागते.

इंग्लंडचे उदाहरण घ्यावे. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा ‘फुकट’ आहे, एवढेच आपल्याकडे सांगितले जाते. ती फुकट आहे, पण तेथे रीतसर वास्तव्य करणाऱ्यांना. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेला मुलगा त्यासाठी व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरतो; फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला तो वर्षाला १,०३५ पौंड आहे. भेटीच्या व्हिसावर आलेले आई-वडील हा अधिभार भरत नाहीत, म्हणून त्यांना तो हक्कही नाही. कुटुंबवैद्याकडे, म्हणजे तेथील जीपीकडे, त्यांना विनामूल्य दाखवता येते. अपघात व तातडीच्या विभागातील पहिला उपचारही विनामूल्य होतो. परंतु तेथून वरच्या मजल्यावर खाटेवर नेले, की त्या क्षणापासून मीटर सुरू होतो आणि दर रुग्णालयाच्या नेहमीच्या दराच्या दीडपट असतो. ‘मुलगा तिथे टॅक्स भरतो ना?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. मुलाचा कर मुलासाठी आहे.

जर्मनीत १८८३ पासून सक्तीच्या आरोग्य विम्याची परंपरा आहे. तेथे आधी घराजवळचा कुटुंबवैद्य, त्याची चिठ्ठी, मग तज्ज्ञ. रात्री-अपरात्री किंवा रविवारी जिवावरचे नसलेले दुखणे उद्भवले तर ११६११७ हा क्रमांक. जिवावरचे असेल तर ११२. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतोच, त्यामुळे तेथे जाणारा माणूस निदान कागदोपत्री तरी विमाधारक असतो. कॅनडाने आई-वडिलांच्या सुपर व्हिसासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचे आणि किमान एक वर्षाचे संरक्षण सक्तीचे केले आहे. अमेरिका मात्र भेटीला येणाऱ्यावर अशी सक्ती करत नाही आणि उपचार सर्वांत महाग तेथेच आहेत. ग्रीन कार्ड मिळाले म्हणून प्रश्न सुटला असेही नाही. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठीची मेडिकेअर योजना नव्याने स्थायिक झालेल्या पालकांना सलग पाच वर्षे तेथे राहिल्यावरच, आणि तीही पैसे भरून, घेता येते. त्या पाच वर्षांचे काय, हे कार्ड काढण्यापूर्वी मुलाबरोबर बसून बघावे.

अमेरिकेत दारे तीन. नियमित तपासणीचा डॉक्टर, ज्याची वेळ आधी घ्यावी लागते. दुसरे ‘अर्जंट केअर’ : ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मुरगळलेला पाय अशा गोष्टींसाठी वेळ न ठरवता जाता येईल असे दवाखाने. तिसरे रुग्णालयातील तातडीचा विभाग. पाठीत उसण भरली म्हणून तिसऱ्या दाराशी गेले तर उसणीपेक्षा बिलच अधिक दुखते. उलट छातीत कळ आली, बोलणे अडखळू लागले, तोंड वाकडे झाले, तर दुसरे दार शोधत बसू नये, ९११ फिरवावा. पैशाच्या भीतीने अशा वेळी घरी थांबणारे ज्येष्ठ आहेत आणि हा सर्वांत महाग पडणारा हिशेब आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने तेथील तातडीच्या विभागांवर, रुग्णाची पैसे देण्याची ऐपत न बघता त्याला तपासण्याचे आणि प्रकृती स्थिर करण्याचे बंधन घातले आहे. बिल नंतर येते आणि ते एक नसते. रुग्णालयाचे वेगळे, डॉक्टरांचे वेगळे, रुग्णवाहिकेचे वेगळे. व्यापारी माणसाने येथे बुजू नये. तपशीलवार बिल मागावे, प्रत्येक ओळ वाचावी. धर्मादाय स्वरूपाच्या रुग्णालयांना सवलतीचे लेखी धोरण ठेवावेच लागते. ते मागून घ्यावे. त्या देशात यात कमीपणा मानत नाहीत.

आता विमा. येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण आपल्या समाजातील हुशार माणसे नेमकी येथेच चुकतात.

२००९ च्या मे महिन्यात एक भारतीय गृहस्थ नात्यातील लग्नासाठी अमेरिकेला निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी येथील एका विमा कंपनीची परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना दरदरून घाम फुटला, अशक्तपणा आला. रुग्णालयात नेल्यावर अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले. कंपनीने दावा नाकारला. कारण असे दिले की ते कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी घेत होते आणि फॉर्ममध्ये तसे लिहिले नव्हते. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही त्यांची तक्रार फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ डिसेंबर २०२१ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. सव्वादोन लाख डॉलरहून अधिक रक्कम व्याजासह देण्याचा आदेश झाला. लग्न होऊन गेल्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती.

हा निकाल त्यांच्या बाजूने का लागला, हे नीट बघण्यासारखे आहे. आपल्याला मधुमेह आहे, ही गोष्ट त्यांनी फॉर्ममध्ये लिहिली होती. कंपनीने त्यांची वैद्यकीय तपासणीही करून घेतली होती. मधुमेहाच्या रुग्णाला हृदयविकाराचा धोका असतो, हे जाणून कंपनीने पॉलिसी दिली. मग तोच आधार घेऊन तिला हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. त्याच २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका मेडिक्लेमच्या प्रकरणात नेमका उलट निर्णय दिला होता. तेथे विमेदाराने जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लिहिलाच नव्हता. दावा नाकारणे योग्य ठरले. दोन्ही प्रकरणांत आजार खरे होते, खर्च खरा होता. फरक पडला तो फॉर्मवरील मजकुराने.

विम्याचा करार परम विश्वासाचा मानला जातो. माल घेणाऱ्याने माल पारखून घ्यावा हा बाजाराचा नियम येथे लागू नाही. विकणाऱ्या कंपनीला आपल्या शरीरातले दिसत नसते, म्हणून जे ठाऊक आहे ते सांगण्याची जबाबदारी आपली. पण घरोघरी काय होते? प्रस्ताव एजंट भरतो, ‘काका, शुगर लिहिली तर प्रीमियम वाढेल’ असे सांगतो आणि पेढीवर एका रुपयाची तफावत सहन न करणारे काका न वाचता खाली सही करतात. वाचतात ते काही हजार रुपये. पणाला लागते ती राहती वास्तू, किंवा मुलाची अनेक वर्षांची बचत. फॉर्म स्वतः भरावा. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, जुनी शस्त्रक्रिया, रोजच्या सर्व गोळ्या, अगदी अधूनमधून घेतलेलीही, लिहाव्यात आणि भरलेल्या फॉर्मची प्रत जवळ ठेवावी.

लिहिले म्हणजे सगळे भरून मिळते, असेही नाही. बहुतेक प्रवास पॉलिसी आधीपासूनच्या आजाराचा खर्च वगळतात. काही पॉलिसी अशा आजाराने अचानक उचल खाल्ली तर मर्यादित रकमेपर्यंत देतात. ती मर्यादा किती, वयाप्रमाणे ती घटते का, पहिले किती डॉलर आपण भरायचे, हे विकत घेण्यापूर्वी वाचावे. अमेरिकेतील भेटीच्या विम्यात दोन जाती आढळतात. एकात प्रत्येक उपचाराला ठरीव रक्कम मिळते आणि बाकीचे आपल्या गळ्यात पडते. दुसऱ्यात मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष खर्चाचा मोठा भाग मिळतो. पहिली स्वस्त दिसते. येथील नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी सहसा परदेशात चालत नाही. मुक्काम वाढणार असेल तर मुदत संपण्यापूर्वी वाढ मागावी. रुग्णालयात दाखल होताच पॉलिसीवर छापलेल्या साहाय्य केंद्राला कळवावे. कोल्हापुरातील शाखेत फोन करून त्या घडीला काही होत नाही.

पैशाबाबत आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, तेव्हा अडचण मर्यादेची नसते. अडचण होते ती ओटीपीची. खाते आई-वडिलांचे, सिम कार्ड भारतातले आणि रोमिंग बंद! निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्यावे, मुदत ठेवी संयुक्त नावावर आहेत का आणि मुदतीपूर्वी मोडण्याचा अधिकार दोघांपैकी एकट्याला दिला आहे का, हे शाखेत जाऊन बघावे.

औषधांचे म्हणावे तर, बरोबर मुक्काम पुरेल एवढा साठा, मूळ पट्टीत, आणि डॉक्टरांची टंकलिखित चिठ्ठी हवी. चिठ्ठीत कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. आपल्याकडची दुकानातील नावे तेथे कोणालाही ठाऊक नसतात. मूळ नावांतही गंमत आहे : आपण पॅरासिटामोल म्हणतो ते अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन होते आणि दम्याचा सॅल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल. आपल्याकडे सर्रास मिळणारे निमेसुलाइड इंग्लंड-अमेरिकेत विक्रीलाच नाही. रक्तशर्करेचा आकडाही सीमेवर बदलतो. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतील १८० म्हणजे लंडनमध्ये १०, कारण तेथे मोजमाप वेगळे. आपल्या आकड्याला अठराने भागायचे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी आपल्याकडे ७ टक्के आली तर तेथील अहवालात ५३ छापून येते. हे ठाऊक नसलेली आई तो कागद बघून रात्रभर झोपत नाही.

आखाती देशांबाबत अधिक सावध असावे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलची गोळी संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत आहे; आधी परवानगी न घेता नेल्यास प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. आणि औषध नसलेली एक वस्तू : खसखस. तिलाही तेथे बंदी आहे. म्हणजे डिंकाच्या लाडवात काय घातले आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

आपल्या घरांत यापुढचा प्रश्न आहाराचा आणि व्रताचा. रुग्णालयातील ‘व्हेजिटेरियन’ ताटात अंडे असू शकते. अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर पहिला पातळ आहार म्हणून जी रंगीत जेली देतात ती प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनची असते आणि ‘क्लिअर ब्रॉथ’ म्हणून येणारे कढण बहुधा कोंबडीचे किंवा गोमांसाचे. म्हणून ‘व्हीगन’ हा शब्द वापरावा आणि त्याखाली कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट नको असे इंग्रजीत लिहिलेला कागद परिचारिकेकडे द्यावा. दुधाला मुकावे लागेल, पण घोळ टळेल. कॅप्सूलचे आवरणही पुष्कळदा जिलेटिनचेच असते. औषधविक्याला विचारल्यास गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाचा पर्याय अनेकदा मिळतो. रक्त न गोठण्यासाठी दिले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते. फोंडापॅरिनक्ससारखा कृत्रिम पर्याय आहे, परंतु तो प्रत्येक रुग्णाला चालत नाही. हा निर्णय तातडीच्या विभागात, नळ्या लावलेल्या अवस्थेत घेण्याचा नव्हे. आपल्या डॉक्टरांशी आणि ज्यांना आपण गुरुस्थानी मानतो त्यांच्याशी येथेच बोलून, जिवावर बेतल्यास काय स्वीकारायचे हे ठरवून, मुलाला सांगून ठेवावे.

चौविहाराचे पालन करणाऱ्यांसाठी सूर्यही तेथे वेगळा वागतो. लंडनला जूनमध्ये सूर्यास्त सव्वानऊनंतर होतो. डिसेंबरमध्ये चारच्या आत. डिसेंबरात दुपारी चारनंतर अन्नपाणी बंद केले तर दुसऱ्या सकाळी आठनंतर सूर्य उगवेपर्यंत सोळा तास पोट रिकामे राहते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना हे सोळा तास मधुमेहीला धोक्याचे आहेत. औषधाच्या मात्रा आणि वेळा कशा बदलायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना त्या गावाच्या सूर्यास्ताच्या वेळा दाखवूनच विचारावे. कोल्हापुरात बसलेल्या डॉक्टरांना ते आपोआप सुचणार नाही.

भाषेचा प्रश्न बहुतेक घरी नातवावर सोपवला जातो. बारा वर्षांच्या नातवाने आजीच्या तक्रारी डॉक्टरांना इंग्रजीत सांगायच्या, आणि आजीने त्याच्यासमोर अर्ध्या तक्रारी गिळायच्या! अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना रुग्णासाठी विनामूल्य दुभाषा द्यावा लागतो. फोनवरून मराठी दुभाषाही मिळू शकतो. इंग्लंडच्या आरोग्य सेवेतही दुभाष्याची सोय मागता येते. ‘आम्हाला मराठी दुभाषा हवा’ एवढे एक इंग्रजी वाक्य आईला पाठ करून द्यावे. स्त्रियांची दुखणी मुलासमोर किंवा जावयासमोर बोलली जात नाहीत, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

राहता राहिले ते, ज्याविषयी प्रवासाच्या गडबडीत कोणी बोलत नाही. प्रवास पॉलिसीत बहुधा एक कलम असते : पार्थिव मायदेशी आणण्याचा किंवा तेथेच अंत्यविधी करण्याचा खर्च. त्याची रक्कम किती, हे बघावे. पार्थिव आणायचे झाल्यास मृत्यूचा स्थानिक दाखला, रासायनिक जतनाचे प्रमाणपत्र, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद आणि भारतीय वकिलातीचा ना-हरकत दाखला लागतो. यात दिवस जातात. राजाराम महाराजांसाठी १८७० मध्ये जी परवानगी खास मिळवावी लागली, ती आता तेथील दहनगृहांत रोजची बाब आहे. तेव्हा तेथेच संस्कार करून अस्थी आणणे हाही मार्ग मोकळा आहे. कोणता हवा, हे आई-वडिलांनी जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून द्यावे, खाली सही करावी. त्याच कागदाच्या पाठीवर पॉलिसीचा क्रमांक, साहाय्य केंद्राचा फोन, रक्तगट, रोजची औषधे आणि चालत नसलेली औषधे लिहावीत. एक प्रत मुलाकडे, एक कोल्हापुरात जो मागे राहणार आहे त्याच्याकडे, आणि एक आईच्या पर्समध्ये, पासपोर्टच्या शेजारी.